अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र: नागपुरातील पालकांसाठी अर्जाची माहिती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असून, डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी व्यवस्थित असूनही वाचनलेखनात सतत येणारी अडचण, तिच्यातच मोडते. त्यामुळे अशा मुलाला परीक्षेत मिळणारी सवलत ही शाळेची मेहेरबानी नसून प्रमाणपत्रावर आधारलेला हक्क आहे. कायद्यातील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अक्षमता नोंदलेली असावी लागते.

हे प्रमाणपत्र वयाची ८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दिले जात नाही, आणि ते योग्यच आहे. कारण ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत, गळालेल्या वेलांट्या आणि मोडलेली जोडाक्षरे पहिली-दुसरीच्या कोणत्याही वहीत सापडतात. मात्र तिसरी-चौथीतही हे टिकून असेल, तोंडी अचूक उत्तर देणारे मूल तेच उत्तर लिहिताना अडत असेल, फळ्यावरचा मजकूर उतरवताना ओळीच्या ओळी सुटत असतील, तर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलावे. ग्रामीण भागात पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडेही विचारणा करता येते.

प्रक्रियेची सुरुवात शाळेपासून होते. मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र, मागील दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि मुलाच्या वह्या-उत्तरपत्रिका जवळ ठेवाव्यात. यासाठी नीटनेटक्या वह्या निवडून नेण्याचा मोह टाळावा, कारण तपासणाऱ्याला पाहायच्या असतात त्या चुकाच. त्यानंतर स्वावलंबन या केंद्रीय पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. त्यासाठी आधार क्रमांक किंवा आधार नोंदणी क्रमांक, ओळखीचा पुरावा आणि सहा महिन्यांच्या आतील छायाचित्र लागते. पोर्टलवर रुग्णालय निवडताना ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ (नागपुरातील दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये) असे सवयीने ठरवून टाकू नये. निवडलेल्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते का आणि कोणत्या वारी होते, हे आधी प्रत्यक्ष विचारून घ्यावे, म्हणजे मुलाची शाळा आणि पालकांची रजा वाया जात नाही.

तपासणी एका दिवसात क्वचितच संपते. बालरोगतज्ज्ञ आधी दृष्टी आणि श्रवण तपासून घेतात, कारण चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणे हेही मागे पडण्याचे कारण असू शकते. पुढे मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाची आणि वाचन, लेखन, गणित यांची चाचणी घेतात. येथे नागपुरातील पालकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी आपल्याकडे सर्रास स्थिती असते, म्हणून मूल कोणत्या माध्यमात शिकते आणि कोणत्या भाषेत विचार मांडते, ते तपासणाऱ्याला स्पष्ट कळले पाहिजे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात इंग्रजी, हिंदी आणि कन्नड यांबरोबर मराठीचाही समावेश आहे. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येते. दरम्यान उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार वेगळ्या पद्धतीने शिकवणे, थांबवू नये. त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची अट नाही.

दहावी-बारावीसाठी सवलतीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. दर तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक या त्यातील नेहमीच्या मागण्या होत. भाषा विषयातून सूट मागण्यापूर्वी पुढे कोणत्या अभ्यासक्रमाला जायचे आहे, याचा विचार करावा.

लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र पुढे तसेच चालेल, असे समजून अनेक घरे निर्धास्त राहतात. वस्तुतः वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी करावी लागते आणि १८ व्या वर्षीचेच प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. १४ वे वर्ष साधारण आठवी-नववीत येते. म्हणून फेरतपासणीचा अर्ज तेव्हाच करावा, दहावीचा परीक्षा अर्ज हाती येईपर्यंत थांबू नये.