अवोकाडोची बी वाळवू नका

इंदूरला रामबागेत आमच्या मामीकडे कुठलीही बी वाया जात नाही. भोपळा, दोडका, कारलं, सगळ्यांच्या बिया धुवून गच्चीवर वाळवायच्या, राखेत घोळून डब्यात भरायच्या आणि पाऊस लागला की पेरायच्या. यंदा मे महिन्यात नातवाने बंगलोरहून अवोकाडो आणले (तिकडे बटर फ्रूट म्हणतात), तर तिने ती मोठ्ठी बीपण अशीच आठवडाभर कडक उन्हात ठेवली, जूनमध्ये कुंडीत लावली आणि दीड महिना रोज पाणी घातलं. काहीच आलं नाही, शेवटी उकरून बघितलं तर आत नुसता आकसलेला चॉकलेटी गोळा. मला फार वाईट वाटलं, कारण तिची पद्धत बाकी सगळ्या बियांना बरोबर आहे, फक्त हिलाच चालत नाही.

भोपळ्याची बी पिकतापिकताच आतलं पाणी कमी करते आणि झोपून जाते, म्हणून ती वर्षभर डब्यात टिकते. अवोकाडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, तिथल्या दमट जंगलात फळ ओल्या पालापाचोळ्यात पडतं आणि बी लगेच रुजायला लागते, झोपायची वेळच येत नाही, त्यामुळे वाळणं तिला सहनच होत नाही, वाळली की मेली. आंबा-फणसाचंही असंच आहे, पावसाळ्यात उकिरड्यावर कोय आपोआप फुटते ती यामुळेच.

बी सोलली तर वरून कागदासारखं साल आणि आत वालाच्या डाळिंबीसारखी दोन जाड दलं, त्यांच्या मधे इवलासा अंकुर. दलं म्हणजे त्याची शिदोरी. रुजवायला बी टूथपिक टोचून पाण्याच्या ग्लासवर ठेवतात तेव्हा टोचलं जातं ते या शिदोरीला, अंकुराला नाही, म्हणून बी मरत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते फूल. प्रत्येक फूल दोनदा उघडतं, आधी मादी म्हणून, मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून पराग द्यायला. त्यातही झाडांचे दोन गट, ‘ए’ (A) गटाची फुलं पहिल्या दिवशी सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, ‘बी’ (B) गटाचं याच्या उलट, म्हणजे एकाची मादी फुलं उघडी असतात तेव्हा दुसऱ्याकडे पराग तयार! किती सुंदर सोय आहे ही. पण अशा मिसळीमुळे बीपासून आलेल्या झाडाला त्याच चवीचं फळ येईल याची खात्री नाही, आणि फळाला सात-आठ वर्षं किंवा जास्तही लागू शकतात. म्हणून बागवाले कलमच लावतात. जगभर विकला जाणारा हास जातीचा अवोकाडो कॅलिफोर्नियातल्या एकाच झाडाच्या कलमांतून पसरलाय, १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे ते पहिलं झाड मात्र बीपासूनच उगवलं होतं.

आपल्याकडे खरी अडचण काळ्या मातीची, माळव्यात पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि अवोकाडोची मुळं कुजतात, म्हणून कुंडीत वाळू, खत आणि खाली भोकं हवीतच. पानं शेळीला किंवा पोपटाला अजिबात देऊ नका, त्यातलं पर्सिन त्यांना विषारी असतं.

गणपतीत मामीला दुसरी बी आणून दिली, फळ कापलं त्याच दिवशी धुवून, रुंद बाजू खाली ठेवून ग्लासवर बसवली. पाचव्या आठवड्यात ती उभी चिरली आणि खालून पांढरं मूळ निघालं. मामी आता रोज सकाळी चहाआधी ग्लासातलं पाणी बदलते.