ट्रूबॅडोर

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, वेस्ट हॉलिवूडमधील सँटा मोनिका बुलव्हार्डवरचा संगीत क्लब. डग वेस्टन याने १९५७ मध्ये ला सिएनेगा बुलव्हार्डवर तो कॉफीहाउस म्हणून सुरू केला आणि १९६१ मध्ये आजच्या जागी आणला. दाटीवाटीने उभे राहिले तर पाचशेच्या आसपास माणसे मावतील, एवढाच त्याचा जीव. तरी कंट्री रॉकच्या इतिहासात या क्लबला टाळून पुढे जाता येत नाही. त्याचे श्रेय मंचाइतकेच पुढच्या बारलाही आहे. काम नसलेले वादक तिथे संध्याकाळी टेकत, आणि कोणाच्या बँडमध्ये जागा रिकामी झाली याची बातमी तिथेच फुटे.

सोमवारी ‘हूट नाइट’ असे. नाव नोंदवायचे, पाळी आली की मोजकी गाणी म्हणायची. श्रोत्यांत रेकॉर्ड कंपन्यांची माणसे बसलेली असत, त्यामुळे नवख्यांची झुंबड उडे. बर्ड्‌स या बँडचे मॅग्विन, क्लार्क आणि क्रॉस्बी १९६४ मध्ये इथेच एकत्र आले.

कंट्री रॉक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कंट्री गाण्यांची चाल आणि एकत्र गळ्यांची सुरावट, तिला रॉकचे ड्रम आणि विजेच्या गिटारींची जोड. त्याची खूण म्हणजे पेडल स्टील गिटार. ती आडवी मांडून वाजवतात. डाव्या हातातली धातूची कांडी तारांवर सरकते, पाय आणि गुडघे तारांचा ताण बदलतात. हवाईयन गिटारच्याच घराण्यातले हे वाद्य. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना त्या गिटारवर ऐकलेल्या कानाला त्यातली मींड परकी वाटणार नाही.

बर्ड्‌सनी ग्रॅम पार्सन्स या गायकाला सोबत घेऊन १९६८ मध्ये निखळ कंट्री वळणाची रेकॉर्ड काढली. त्याच वर्षी मार्चमध्ये ते नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात गायले. लांब केसांच्या पोरांचे तिथे थंडेच स्वागत झाले. लॉस अँजेलिसमध्येही जुन्या वळणाच्या कंट्री श्रोत्यांचा अड्डा वेगळा होता: नॉर्थ हॉलिवूडचा पॅलोमिनो क्लब (१९४९–१९९५). पार्सन्स तिथेही जाऊन गात असे. ट्रूबॅडोरचा श्रोता मात्र लोकगीतांवर आणि रॉकवर पोसलेला, त्यामुळे नव्या मिश्रणाला हे घर अधिक मानवले.

बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड फुटल्यावर रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी उभारलेला पोको हा बँड १९६८ च्या अखेरीस याच मंचावर लोकांसमोर आला. तेव्हा त्याचे नाव पोगो होते. त्याच नावाच्या व्यंगचित्रमालिकेच्या कर्त्याने हरकत घेतल्यावर एक अक्षर बदलून काम भागवले. बासवादक रँडी माइस्नर पहिली रेकॉर्ड निघण्याआधीच बाहेर पडला. त्याची जागा टिमथी श्मिट याने घेतली. पुढे ईगल्स या बँडमधूनही माइस्नर गेला आणि तिथेही श्मिटच आला!

ईगल्सची जमवाजमव हा या बारचा सर्वांत गाजलेला किस्सा. ग्लेन फ्राय आणि डॉन हेन्ली यांची ओळख इथली. १९७१ मध्ये दोघे गायिका लिंडा रॉनस्टॅटला साथ करू लागले, आणि त्याच फळीत माइस्नर व फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या बँडमधून आलेला बर्नी लेडन हेही येऊन मिळाले. गंमत अशी की चौघांनी तिच्यामागे एकत्र वाजवले ते एकदाच, तेही डिस्नेलँडमध्ये. याच चौघांचा ईगल्स झाला. ईगल्सचा १९७६ चा निवडक गाण्यांचा संग्रह पुढे अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या रेकॉर्डपैकी एक ठरला.

वेस्टन करारात पक्का होता. कलावंताने नाव कमावल्यावरही ठरावीक वेळा जुन्याच बिदागीत परत यावे, अशी अट तो घालून ठेवी. ती अनेकांना जाचू लागली. १९७३ मध्ये जवळच्याच सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर रॉक्सी हा क्लब उघडल्यावर कलावंतांना दुसरे दार मिळाले आणि ट्रूबॅडोरची सद्दी ओसरली. पुढच्या दशकात तिथे हेवी मेटलवाले गाजू लागले. वेस्टनचे १९९९ मध्ये निधन झाले. क्लब त्याच जागी चालू आहे.