हॉट डॉगच्या शेजारी शेजारी गाड्या : भांडण कुठनं आलं

बेळगावात संध्याकाळी कॉलेज रोडला नाहीतर टिळकवाडीकडं चक्कर मारली की फास्टफूडच्या गाड्यांवर हॉट डॉगची पाटी दिसते हल्ली, आणि दोन गाड्या जवळजवळ असल्या की पोरांच्यात लगेच पार्ट्या पडतात, ह्याचा भारी की त्याचा भारी. वाद कालचा वाटतो, पण ह्या धंद्यात तो शंभर वर्षांहून जुना आहे आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो चवीवरनं सुरूच झालेला नाही. दुकानातला कामगार नाहीतर घरातला भाऊ फुटला, जवळच स्वतःचं दुकान टाकलं, चवीचं भांडण गिऱ्हाइकांनी नंतर लावून दिलं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची. जर्मनीतनं आलेला चार्ल्स फेल्टमन तिथं समुद्रकाठी गाडी घेऊन फिरायचा, पावात गरम सॉसेज घालून विकायचा, साल १८६७ धरतात. गाडीचं पुढं एवढं मोठं रेस्टॉरंट झालं की बाग, बिअर गार्डन, गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा सगळं आत. १९१० ला तो वारला, धंदा पोरांकडं आला. त्याच हॉटेलात पोलंडकडनं आलेला नेथन हँडवर्कर पाव कापायच्या कामाला होता. त्यानं ३०० डॉलर साठवले आणि १९१६ मध्ये सर्फ आणि स्टिलवेल अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर स्वतःचं दुकान काढलं. मालकाकडं हॉट डॉग दहा सेंटला, ह्यानं लावला पाच सेंटला. खरी खेळी हीच, बाकी रेसिपीच्या गोष्टी मागनं आल्या.

पण स्वस्त दिलं की लोकांना शंका येते, हे आपल्याकडं काय वेगळं आहे का, निम्म्या भावात देतोय म्हणजे आत काय घालतोय कुणाला ठाऊक. नेथननं म्हणे पांढरे कोट घातलेली माणसं दुकानासमोर उभी करून खायला लावली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं डॉक्टर लोकपण इथंच खातायत. सांगोवांगीची गोष्ट आहे, मीठमसाला किती कोण जाणे, पण डोकं मात्र दुकानदाराचंच. मग १९२० मध्ये सबवे, म्हणजे न्यूयॉर्कची शहरातली रेल्वे, थेट कोनी आयलंडपर्यंत पोचली, तिकीट पाच सेंट, हॉट डॉगपण पाच सेंट. रविवारी लोकांचे लोंढे यायला लागले आणि कमी पैशात पोटभर खायला मिळालं की टेबल-खुर्ची कोण बघतो. फेल्टमनचं १९५४ ला बंद पडलं, नेथनचं त्याच कोपऱ्यावर अजून चालू आहे. दर ४ जुलैला तिथं हॉट डॉग खायची जी स्पर्धा होते ती १९१६ पासनं चालू आहे असं वर्षानुवर्षं सांगत होते, ते त्यांच्याच जाहिरातवाल्यानं रचलेलं निघालं, खरी स्पर्धा १९७० च्या दशकातली.

अमेरिकेतल्याच डेट्रॉइट शहरातलं प्रकरण तर अजून घरगुती. तिथं १९१० च्या दशकात मोटारीचे कारखाने जोरात, शिफ्ट सुटली की कामगारांना पटकन, गरम आणि परवडणारं पायजे. ग्रीसहनं आलेल्या गस केरोसनं १९१७ मध्ये अमेरिकन कोनी आयलंड नावाचं हॉट डॉगचं दुकान काढलं, पुढं त्याच्या भावानं अगदी भिंतीला भिंत लावून लफायेत कोनी आयलंड काढलं. नाव न्यूयॉर्कच्या जागेचं, पदार्थ मात्र तिथला नव्हेच. पाव, सॉसेज, वरनं चिली म्हणजे बीन्स न घातलेला खिम्याचा मसालेदार रस्सा, मोहरीचा सॉस, बारीक चिरलेला कच्चा कांदा. दोन्हीकडं हेच! फरक विचारला तर कोण म्हणणार हिकडची चिली दाट, कोण म्हणणार तिकडचं सॉसेज कडक, पण खरं बघितलं तर आपल्यात कुंदा कुणाकडचा आणायचा हे जसं घराघरात आधीच ठरलेलं असतंय, तसलाच प्रकार. अमेरिकन अजून केरोस घराण्याकडंच आहे. लफायेत पुढं तिथल्याच कामगारांनी विकत घेतलं, म्हणजे बघा, भावाभावातलं दुकान शेवटी कामगारांच्या हातात.

आणि शेजारीच का टाकतात, लांब का जात नाहीत, तर ह्याच्यावर १९२९ मध्येच हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं लिहून ठेवलंय, गिऱ्हाईक वाटून घ्यायच्या नादात दोन दुकानदार सरकत सरकत एकमेकांना चिकटतात. खडेबाजारात फिरणाऱ्याला हे शिकवायची गरज नाही म्हणा.

शिकागोवाले ह्या भानगडीत वेगळे, त्यांचं भांडण दुकानापेक्षा केचपशी, हॉट डॉगवर केचप घातलं की तोंडं वाकडी होतात.

आता आपल्या गाड्यांवर जे मिळतं त्याचं नातं ह्या सगळ्यापेक्षा इंदूरशी जास्त जवळचं वाटतं मला. तिथल्या छप्पन दुकानातलं जॉनी हॉट डॉग फेमस आहे, आणि त्यात सॉसेज नसतंच, पावात व्हेज, अंडं नाहीतर मटणाची टिक्की. बेळगावात पण बहुतेक गाड्यांवर लांब पाव, आत कटलेट, वर मेयो नाहीतर चीज. म्हणून सॉसेजचे निकष लावून इथल्या दोन गाड्यांची तुलना करणारे जे आहेत त्यांना काय अर्थ नाही. पाव लोण्यावर भाजलाय का नुसता तव्यावर टेकवलाय, कटलेट तिथल्या तिथं तळलंय का सकाळचं गरम करून देतोय, आणि चटणी घरची हाय का बाटलीतली, एवढं बघा.