डुकरांची साथ नेमकी कसली, हे ठरवायला जीनोम का वाचावा लागतो? थोडी पार्श्वभूमी

डुकरांच्या फार्मवर साथ आली की डोळ्यांना जे दिसतं ते बऱ्याचदा सारखंच असतं. ताप येतो, खाणं सुटतं, कान आणि पोट लालजांभळं पडतं, आणि मग एकेक जनावर आडवं व्हायला लागतं. क्लासिकल स्वाइन फीवर आणि आफ्रिकन स्वाइन फीवर ही दोन नावं किती जवळची वाटतात, पण एकाचा व्हायरस छोटासा आरएनएचा, दुसऱ्याचा भलामोठा डीएनएचा, दोघांचं एकमेकांशी कसलंच नातं नाही. (आरएनए किंवा डीएनए म्हणजे व्हायरसची जनुकीय माहिती ज्या अक्षरांत साठवलेली असते ते रसायन, आणि ती सगळी अक्षरं मिळून त्याचा जीनोम.) माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्यकाने 1921 मध्ये केनियातल्या साथीबद्दल लिहून हा वेगळाच आजार आहे हे मांडलं, तेही जीन वगैरे काही हाताशी नसताना, नुसत्या जनावरांवरच्या प्रयोगांतून. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

अंदाज चुकला तर काय होतं ते मलेशियात 1998-99 ला दिसलं. डुकरं खोकत होती, त्यांच्याजवळ काम करणारी माणसं मेंदूच्या तापाने दगावत होती, आणि सगळ्यांना वाटलं जपानी एन्सेफलायटिस, म्हणजे डासांतून पसरणारा आणि जास्त करून लहान मुलांना होणारा मेंदूज्वर आहे, म्हणून डासांवर फवारणी, लसीकरण, सगळं त्याच दिशेने चाललं. पण आजारी पडत होती ती मोठी माणसं, तीसुद्धा डुकरं हाताळणारी, डास काही असं निवडून चावत नाही ना. मार्च 1999 मध्ये रुग्णाच्या नमुन्यातून व्हायरस वेगळा काढला, त्याचे जीन तपासले तेव्हा कळलं की 1994 ला ऑस्ट्रेलियात घोड्यांत सापडलेल्या हेंड्रा व्हायरसचा हा जवळचा भाऊबंद. तोच निपाह. साथ संपेपर्यंत शंभरावर माणसं गेली, आणि ती थांबवायला दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली.

मग पीईडी, म्हणजे पिल्लांचे जुलाब. युरोपात हा 1970 च्या दशकापासून माहीत होता पण अमेरिकेत नव्हता, आणि 2013 च्या वसंतात अचानक तिथल्या फार्मवर आठवड्याच्या आतली पिल्लं वेतच्या वेत मरायला लागली. सिक्वेन्स, म्हणजे जीनोममधल्या अक्षरांचा क्रम, काढला तर चीनच्या आनहुई प्रांतातल्या 2012 च्या स्ट्रेनशी (व्हायरसच्या उपप्रकाराशी) प्रचंड साम्य. आता यात लोक एक गल्लत हमखास करतात. सिक्वेन्स नातं सांगतो, रस्ता सांगत नाही. व्हायरस कुणाबरोबर, कशातून आला हे त्या अक्षरांत लिहिलेलं नसतं, ते शोधायला खाद्य, गोण्या, गाड्या, माणसं सगळं तपासावं लागतं, आणि पीईडीच्या बाबतीत तो रस्ता शेवटपर्यंत पक्का सिद्ध झाला नाही.

असंच काहीसं चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात 2016 च्या शेवटी झालं. आधी पीईडी सापडला, मग काही महिन्यांनी टेस्टमध्ये पीईडी येईना, तरी पिल्लं मरतच राहिली. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून तिथे फाइल बंद केली असती तर विषय संपला असता, पण संशोधकांनी नमुन्यातलं जे काही होतं ते सगळं सिक्वेन्स केलं आणि वटवाघळांतल्या एका कोरोनाव्हायरसच्या गोतातला नवीनच व्हायरस समोर आला. त्याच्या आजाराला सॅड्स, म्हणजे डुकरांच्या तीव्र जुलाबांचा आजार, असं नाव पडलं. चार फार्मवर मिळून जवळजवळ 25 हजार पिल्लं गेली होती.

पीआरआरएस, म्हणजे डुकरांचा प्रजनन आणि श्वसनाचा आजार, त्याचं थोडक्यात सांगतो. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आणि लगेच युरोपात गाभण डुकरिणींचे गर्भपात सुरू झाले, नेदरलँड्समध्ये 1991 ला व्हायरस सापडला, आणि पुढे तुलना केली तर दोन खंडांतले व्हायरस जेमतेम 60 टक्क्यांच्या आसपासच सारखे. लक्षणं एक, आणि व्हायरस एवढे वेगळे!

पण खरा धडा आफ्रिकन स्वाइन फीवरचा. 2007 ला जॉर्जियात तो फुटला तेव्हा लॅबमध्ये पी72 या प्रोटीनच्या जीनचा एक छोटा तुकडा वाचला, बऱ्याचदा चारेकशे अक्षरांचा असतो हा, आणि त्यावरून हा जीनोटाइप 2 (जीनच्या साम्यावरून पाडलेल्या गटांपैकी दुसरा) आहे, मोझांबिक, मादागास्कर, झांबिया या बाजूच्या व्हायरसच्या जवळचा, हे कळलं. बंदरावर जहाजातलं उरलंसुरलं अन्न डुकरांच्या पोटात गेलं असावं असा अंदाज आहे. तिथून रशिया, 2014 ला पोलंड-लिथुआनिया, ऑगस्ट 2018 ला चीन, 2020 ला आसाम आणि अरुणाचल.

अडचण अशी की डीएनएचा व्हायरस हळू बदलतो, त्यामुळे पी72 वाचलं की सगळीकडचे जीनोटाइप 2 सारखेच दिसतात. मग लोकांनी दोन जीनच्या मधल्या मोकळ्या जागा वाचायला घेतल्या. तिथे एका ठिकाणी दहा अक्षरांची एक ओळ लागोपाठ दोनदा येते, जॉर्जियाच्या मूळ व्हायरसमध्ये दोनदाच, पण पुढे पूर्व युरोपात पसरलेल्या आणि चीनमध्ये सापडलेल्या बहुतेक व्हायरसमध्ये तीच ओळ तीनदा. जवळपास 1 लाख 90 हजार अक्षरांतली ही दहा जास्तीची अक्षरं, आणि तेवढ्यावर एक शाखा दुसरीपासून वेगळी काढता येते. यासाठी लागतो मेलेल्या जनावराच्या प्लीहेचा एक तुकडा किंवा थोडं रक्त, पण तो वेळेत काढलेला आणि थंड ठेवलेला हवा, कारण सडलेल्या नमुन्यात डीएनएचे इतके तुकडे होतात की पीसीआर (व्हायरसच्या जीनचा ठरावीक तुकडा शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह येऊनही अख्खा जीनोम जुळवता येत नाही.

अख्खा जीनोम का हवा ते 2023 ला स्पष्ट झालं. चीनमधल्या संशोधकांनी जीनोटाइप 1 आणि 2 एकमेकांत मिसळून तयार झालेले व्हायरस जाहीर केले, नमुने 2021-22 चे. त्यांचा पी72 जीनोटाइप 1 चा, म्हणजे जुन्या पद्धतीने नुसता तो तुकडा वाचला तर अहवालात 'जीनोटाइप 1' एवढंच येणार. चीनमध्ये 2021 ला जीनोटाइप 1 चे जे व्हायरस आधी नोंदले गेले ते तुलनेने सौम्य होते, त्यामुळे वाचणारा निर्धास्त झाला असता. आणि हे मिश्र व्हायरस मात्र अतिशय घातक, निम्म्याहून जास्त जीनोम जीनोटाइप 2 चा, शिवाय जीनोटाइप 2 पासून कमजोर करून बनवलेली जी लस त्यांच्यावर तपासली तिने डुकरं वाचली नाहीत.