जेवणाचे वळण (कोकण)

पानावर कसे बसावे, किती वाढून घ्यावे आणि कसे खावे, हे लहान मुलांना शिकवण्याची घरगुती रीत. भात स्वतः कालवता येऊ लागला की मुलाला वेगळे पान मिळते आणि मोठ्यांच्या शेजारी बसून वळण अंगी लागते.

आधी पानाची ओळख. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. डावीकडे मीठ, लिंबू, लोणचे, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण-तूप. डावीकडचे तोंडी लावण्यापुरतेच घ्यायचे. उजवा हात खरकटा, म्हणून पाण्याच्या भांड्याला डावा लावायचा.

किनाऱ्यावर या वळणाचा खरा कस लागतो तो माशाच्या काट्यांत. सुरुवात सुरमईच्या तुकडीने, कारण तिच्यात मधला काटाच काय तो सांभाळायचा. मग बांगडा: अंगठ्याने दाबून मांस दोन्ही बाजूंना सोडवायचे आणि मधला काटा अख्खा उचलायचा. पेडवे, तारली मागाहून. त्यांचे बारीक काटे जिभेलाच शोधावे लागतात. काढलेले काटे पानाच्या कडेला, एका जागी. घाई नको, तोंडात घास असताना बोलणे नको, हे इतरत्र नुसते शिष्टाचार वाटतील. इथे मुलाला त्यांचे कारण घशाने कळते. मालवणी आजी एवढेच म्हणते, ‘सावकाश जेव, काटो लागात.’

मोठी पंगत बसते ती गणपतीत. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास उचलायचा नाही. अनेक घरांत आधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणतात. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा, उकडीच्या मोदकाचे नाक मोडून आत तूप घ्यायचे, आणि पंगत उठेपर्यंत उठायचे नाही. लहानांकडे मीठ आणि पाणी वाढण्याचे काम येते. वाकून, न सांडता चाळीस पानांवर मीठ वाढलेले मूल स्वतःच्या पानात सहसा काही टाकत नाही.

मुलींनी वाढायचे, मुलग्यांनी बसायचे आणि बायकांनी शेवटच्या पंगतीला जेवायचे, हेही वळण म्हणूनच शिकवले गेले. तो अन्याय होता आणि जिथे चालू आहे तिथे आजही आहे. रडत्या मुलाला दटावून पान संपवायला लावणेही तसेच चुकीचे. आधी थोडे वाढावे, हवे तर पुन्हा मागू द्यावे.

जेवण झाले की आपले पान आपण उचलायचे. केळीची पाने गोठ्यात गुरांपुढे टाकायला मुले आपण होऊन धावतात.