वार्धक्य व चलनक्षमता

वाढत्या वयाबरोबर उठणे, चालणे, वळणे, जिना चढणे-उतरणे यांत पडणारा फरक. तो बहुधा साठीनंतर नजरेस येतो. स्नायूंची घट मात्र तिशी-चाळिशीतच सुरू होते, असे मानतात.

म्हातारपणी चालण्याचा वेग घटतो तो मुख्यतः पाऊल आखूड पडू लागल्याने. दर मिनिटाच्या पावलांची संख्या त्यामानाने टिकून राहते. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा काळ लांबतो. घोट्याचा मागून मिळणारा रेटा कमी पडतो व त्याची भरपाई खुब्याचे स्नायू करतात. दृष्टी, अंतर्कर्ण व तळव्यांची संवेदना मंदावल्याने तोलही पूर्वीसारखा राहत नाही. सांध्यांची झीज सर्वपरिचित आहे.

स्नायूंच्या घटीला सार्कोपेनिया म्हणतात. या संज्ञेचे साल कोणी १९८८, तर कोणी १९८९ देतात : अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी ती १९८८ च्या एका बैठकीत सुचवली व पुढील वर्षी ती छापून आली. आरंभी तिचा अर्थ स्नायूंच्या वस्तुमानातील घट एवढाच होता. परंतु बळ हे वस्तुमानापेक्षा वेगाने घटते. मज्जारज्जूतील चालक चेतापेशी गळत जातात आणि जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात; ठेच लागल्यावर सावरण्यासाठी नेमके हेच तंतू लागतात. म्हणून २००८ मध्ये क्लार्क व मनिनी या संशोधकांनी बळाच्या घटीला डायनापेनिया हे वेगळे नाव दिले. युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०१० च्या व्याख्येत वस्तुमान अनिवार्य होते. २०१८ च्या सुधारणेत बळाला अग्रक्रम मिळाला, आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. मर्यादांबाबत एकमत नाही. मुठीच्या पकडीचे बळ पुरुषांत २७ व स्त्रियांत १६ किग्रॅ.पेक्षा कमी असल्यास युरोपीय गट ते अपुरे मानतो. आशियाई गटाने २०१९ मध्ये हेच आकडे २८ व १८ धरले. सेकंदाला ०.९ मी. चालणारी व्यक्ती आशियाई निकषाने मंद, तर युरोपीय निकषाने (०.८ मी.) मंद ठरत नाही.

खुर्चीतून उठून ३ मी. चालणे, वळून परत येणे व बसणे ही चाचणी १९९१ पासून रूढ आहे. लागणाऱ्या सेकंदांइतकेच निरीक्षणही बोलके असते : उठताना हातांचा आधार घेतला का, एका झोक्यात जमले का, वळताना किती बारीक पावले टाकली. सेकंदांची मर्यादा कोठे १२, तर कोठे २० मानतात.

ही घट काही अंशी भरून निघते. अमेरिकेतील १९९० च्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिल्यावर मांडीच्या स्नायूंचे बळ दुपटीहून अधिक झाले. सहभागी अवघे दहा होते. उलट, २००७ च्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांनी दहा दिवस अंथरुणावर काढल्यावर पायांतील मेदविरहित ऊतींचे (मुख्यतः स्नायूंचे) वजन सुमारे १ किग्रॅ.ने घटले.