परदेशी पाहुण्याला आपलं पारतंत्र्य सांगताना

'इंग्रजांनी तुमच्यावर किती वर्षं राज्य केलं?' परदेशी माणूस हे सहज विचारतो. आपण 'दीडशे' म्हणून मोकळे होतो आणि तिथेच चुकतो. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली १७६५ साली. पुण्यात पेशवाई बुडाली १८१८ साली. साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये खालसा केलं, तर कोल्हापूरची गादी शेवटपर्यंत राहिली. गोव्यात राज्य पोर्तुगिजांचं, १५१० पासून थेट डिसेंबर १९६१ पर्यंत.

मग रेल्वे निघतेच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला गेली, हे खरंच. पण विलायतेतल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि तूट आली की ती इथल्या महसुलातून भरली जायची.

मला सर्वांत अवघड जातं ते सुप्याचं सांगणं. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या या बाजाराच्या गावात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या. ऐकणारा गोंधळतो. कुळं तुमची, सावकार तुमचे. यात इंग्रज कुठे आहे?

त्याचं उत्तर द्यायला अमेरिकेत जावं लागतं. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. इकडे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले. सरकारने मात्र शेतसारा वाढवला, आणि तो रोखच भरायचा. सावकाराने हात आखडता घेतला, जुन्या रोख्यांवर दावे लावले, जमिनी गेल्या. सुप्याच्या बाजारात गोरा माणूस दिसत नाही, पण सारा त्याचा, कोर्ट त्याचं आणि ज्यावर अंगठा उठला तो स्टँपही त्याचाच. शेतकऱ्यांना थोडंफार संरक्षण देणारा कायदा यायला १८७९ साल उजाडलं.

इथेच थांबलो तर तेही अर्धंच सांगणं. याच शेतकऱ्याची बाजू घेऊन जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात फटके इंग्रज सरकारला आहेत, तसे त्याच्या कचेऱ्यांतल्या ब्राह्मण अधिकाऱ्यांनाही. शूद्रातिशूद्रांना शिकायची वाट या राजवटीत खुली झाली, असंही तेच फुले मानत. सातारा खालसा झालं त्याच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांची मुलींची शाळा भरली.

हे ऐकून पाहुणा विचारतो, 'म्हणजे शाळा इंग्रजांनी दिल्या?' नाही, ही शाळा जोतीराव-सावित्रीबाईंनी चालवली, आणि पुण्यातल्या माणसांचे शेणगोळे झेलत चालवली. तिथून मला पुन्हा सुरुवात करावी लागते.